२८ लाखांच्या कागदावर सही करण्याआधी

पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातलं कामापुरतं इथे देतो. म्हसरूळहून एका वाचक ताईंनी लिहिलंय. त्यांचे पती ३४ वर्षांचे. स्वतःचा पिकअप चालवायचे, दिंडोरीकडच्या मळ्यांमधून टोमॅटोचे कॅरेट भरून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला पोहोचवायचे. तीन वर्षांपूर्वी आग्रा महामार्गावर ओझरजवळ मागून ट्रेलरने धडक दिली. मणक्याला मार बसला, कमरेखालचं सगळं गेलं. सिव्हिलचं प्रमाणपत्र ८० टक्के अपंगत्वाचं आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात ३५ लाखांचा दावा लावला. हॉस्पिटलची बिलं ७ लाख ४० हजार, त्यासाठी सोसायटीकडून आणि नातेवाइकांकडून घेतलेलं ६ लाखांचं देणं अजून बाकी. ताई अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या, ११ हजार पगार होता, तो सुटला. मुलगी सात वर्षांची. आता विमा कंपनीच्या वकिलाने येत्या लोकअदालतीत २८ लाखांवर मिटवायची तयारी दाखवली आहे. दीर म्हणतात, 'घेऊन टाका, आडगाव शिवारात प्लॉट घेऊ.' पती म्हणतात, 'घे आणि मोकळी हो, माझ्यावर किती घालवणार?' आणि ताई विचारतात: 'एवढ्यात त्यांचं आयुष्यभराचं निभेल का? की कोर्टात लढत राहू?'

ताई,

निभणार नाही. आणि २८ लाख हा आकडा तुमच्या पतीच्या आयुष्यभराच्या खर्चावरून काढलेलाही नाही. तो कसा निघाला असावा ते मी कागदावर मांडून पाहिलं. तुमच्याकडे पतीच्या कमाईचा पुरावा नाही, इन्कम टॅक्स रिटर्न नाहीत, म्हणून तुम्ही सांगता त्या १८ हजारांऐवजी महिना १२ हजार धरायचे. वर्षाचे १ लाख ४४ हजार. वय ३४, म्हणून गुणक (वर्षाची कमाई वयानुसार जितक्या पट धरतात तो आकडा) १६. झाले २३ लाख ४ हजार. प्रमाणपत्रावर ८० टक्के, म्हणून त्याचे ८० टक्के: १८ लाख ४३ हजार २००. त्यात बिलांचे ७ लाख ४० हजार आणि वेदनांपोटी ढोबळ दोन लाख. बेरीज २७ लाख ८३ हजार. विमा कंपनीने आपला हिशोब मला दाखवलेला नाही, पण या वळणाचे हिशोब नेहमी असेच बसतात.

या बेरजेत उद्याचा एकही कॅथेटर नाही. डायपर नाही, एअर बेड नाही. आणि तुम्ही नाही.

आधी कमाईचा भाग, कारण तो लवकर सुधारतो. गुणक १६ बरोबर आहे, २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला तोच आहे. पण ८० टक्क्यांचा गुणाकार चुकीचा आहे. सिव्हिलचं प्रमाणपत्र शरीर किती गेलं ते सांगतं, कमावण्याची ताकद किती गेली ते वेगळं बघायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार निकालात हाच फरक समजावताना उदाहरण ड्रायव्हरचं आणि सुताराचं दिलं होतं: त्यांचा हात गेला तर कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. तुमच्या पतीचे दोन्ही पाय गेले आहेत आणि त्यांचा धंदाच गाडी चालवण्याचा, कॅरेट चढवण्या-उतरवण्याचा. इथे १०० टक्केच मागायचे. दुसरं, पुढे कमाई वाढली असती त्यापोटी स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के वाढ धरतात. ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरलं, आणि जखमींनाही ते लागू आहे हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

आता कंपनीचेच १२ हजार मान्य करून बघा. ४० टक्के वाढ धरून १६,८००. वर्षाचे २ लाख १ हजार ६००. गुणिले १६, म्हणजे ३२ लाख २५ हजार ६००. त्यात बिलं मिळवली की ३९ लाख ६५ हजार. काळजीचा एक रुपया न धरता त्यांच्याच आकड्याने आपण चाळीस लाखांच्या जवळ पोहोचलो. १८ हजार सिद्ध करायचे प्रयत्न तरीही सोडू नका. पिकअपच्या कर्जाचे हप्ते बँकेतून जात होते ना? ज्याचा बँकेचा हप्ता वेळेवर जातो त्याची कमाई अगदीच १२ हजार नसते, हे स्टेटमेंटवरून दिसतं. मार्केटमधल्या अडत्यांकडच्या भाड्याच्या पावत्या, ज्या दोन-चार बागाईतदारांचा माल ते नेहमी न्यायचे त्यांची साक्ष, आरसी बुक, हे सगळं गोळा करा.

आता खरा विषय. तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिलंय: 'रात्री बारा, दोन आणि चारचा गजर लावते, त्यांना कुशीवर वळवायला.' पुढच्या ओळीत लगेच दिराच्या प्लॉटचा विषय. ताई, तुमच्या पूर्ण दाव्यातली सर्वांत महाग गोष्ट त्या गजराच्या वाक्यात आहे आणि ती दाव्यात कुठेच नाही.

मणक्याच्या रुग्णाला कुशी बदलली नाही की माकडहाडावर, टाचांवर, कमरेच्या हाडावर कातडी दबून सडते. त्याला ते दुखत नाही, म्हणून तो सांगतही नाही. मागच्या दिवाळीत तुमच्याकडे जखम झाली आणि भरायला चार महिने लागले असं तुम्ही लिहिलंय. ती हाडापर्यंत गेली असती तर ऑपरेशन करून मांस फिरवावं लागलं असतं, आणि जंतू रक्तात गेले तर अशा जखमेने माणूस जातो. लघवीचंही तसंच. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. नीट झालं नाही तर इन्फेक्शन, थंडीताप, ॲडमिट, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर किडनी. पोट साफ करण्याची ठरलेली वेळ, पाय आखडू नयेत म्हणून व्यायाम, अंघोळ, कपडे. हे काम करणाऱ्या माणसाला बाजारात पगार असतो. तुम्ही करता म्हणून तो शून्य धरला गेलाय.

कायद्याला हे मान्य नाही. घरच्या माणसाने फुकट सेवा केली म्हणून धडक देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८१ सालीच म्हटलंय. आणि ५ फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल तुमच्या वकिलांनी समोर ठेवायलाच हवा. आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला ट्रकने उडवलं होतं, मेंदूला इजा होऊन ती कायमची परावलंबी झाली. न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना ५ हजार, आणि त्याला सरसकट रक्कम न देता कमाईसारखाच गुणक लावला. ५ हजार गुणिले दोन, गुणिले १२, गुणिले १८. फक्त मदतनिसांचे २१ लाख ६० हजार झाले. सगळं मिळून ६२ लाख २७ हजार आणि वर साडेसात टक्के व्याज.

तुम्ही लिहिलंय की मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोवाल्याने दिवसाच्या बाईचे महिना १२ हजार सांगितले. आपण हात आखडून ८ हजार धरू. ८ हजार गुणिले १२ गुणिले १६, म्हणजे १५ लाख ३६ हजार. तुमची अंबडची पगाराची स्लिप आणि नोकरी सोडल्याचं पत्र हा इथला पुरावा आहे, ते शोधून काढा. कंपनीने रुजू करून घेताना दिलेलं कार्ड असेल तर तेही. आणि कॅथेटर, डायपर, ड्रेसिंग, औषधं, फिजिओ मिळून तुम्ही जो ६,५०० चा महिन्याचा खर्च लिहिलाय, तो १६ च्या गुणकाने १२ लाख ४८ हजार होतो. मघाच्या ३९ लाख ६५ हजार ६०० मध्ये हे दोन्ही मिळवा: ६७ लाख ४९ हजार ६००. वेदना, संसारसुखाची हानी, व्हीलचेअर, घरातले बदल हे अजून त्यात नाही.

मेडिकलची बिलं ठेवता का? बहुतेक घरांत हॉस्पिटलची फाइल जपून ठेवतात आणि डायपरची पावती फेकून देतात. आजपासून प्रत्येक पावती एका पिशवीत जाऊ द्या, आणि दुकानदाराला पतीच्या नावाने पक्कं बिल मागा. पण मागची बिलं म्हणजे झालेला खर्च. पुढचा खर्च डॉक्टरच सांगू शकतो. ज्यांच्याकडे पतीला दाखवता त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या: रोज किती नळ्या, वर्षातून किती वेळा सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी, व्हीलचेअर आणि तिची गादी किती वर्षांनी बदलायची, एअर बेड, जखम चिघळली तर कोणतं ऑपरेशन आणि त्याचा आजचा अंदाज, मदतनीस दिवसाचे किती तास लागतो. डॉक्टर साक्षीला यायला कां-कूं करतात, हे खरं. राजकुमार निकालातच न्यायाधिकरणांना सांगितलंय की डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका, ठरलेल्या वेळी बोलवा, नाहीतर न्यायाधिकरणाने नेमलेल्या कमिशनरमार्फत साक्ष घ्या. वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हा पैसा एकदाच मिळतो. २००२ च्या नागप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की अंतिम निवाड्यानंतर पुढे खर्च आला म्हणून नवा निवाडा मागायची सोय मोटार वाहन कायद्यात नाही, म्हणून पुढचा खर्च त्याच निवाड्यात धरला गेला पाहिजे. दहा वर्षांनी किडनीचं दुखणं निघालं तर विमा कंपनीच्या दारात जाता येणार नाही. लोकअदालतीत तर त्याहून पक्कं: तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, लोकअदालतीच्या पुरशिशीवर (तडजोडीच्या लेखी कागदावर) सही झाली की तो रस्ता बंद. त्याच नागप्पा निकालाने एक फायद्याची गोष्टही सांगितली आहे. मागितलं त्यापेक्षा जास्त देण्याची मुभा न्यायाधिकरणाला आहे. म्हणजे दाव्यात ३५ लाख लिहिलेत म्हणून हात बांधले गेले असं नाही. तरी दावा दुरुस्तीचा अर्ज देऊन मदतनीस आणि पुढचा औषधोपचार हे रकाने आताच घालून घ्या.

२८ लाख घेतले तर काय होतं तेही बघू. सहा लाख देणेकऱ्यांचे. वकिलांची फी, न्हाणीघर मोठं करणं, दाराला उतार यात दोनेक लाख. उरले २०. बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला १०,८३३ रुपये. त्यातले ६,५०० कॅथेटर-औषधांना. राहिले ४,३३३. यात तिघांचं जेवण, शाळा, लाइट बिल, गॅस. अपघाताआधी तुमच्या घरात दोघांचे मिळून २९ हजार येत होते. आणि खर्च काही थांबून राहत नाही. वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर बारा वर्षांत दुप्पट, ६,५०० चे १३ हजार. म्हणजे तुमचे पती ४६ चे असतील, मुलगी कॉलेजात असेल, आणि पूर्ण व्याज एकट्या औषधपाण्यालाही पुरणार नाही. तिथून मुद्दल खायला सुरुवात.

दिरांना हा हिशोब वाचून दाखवा. प्लॉटला भाव येईलही, आडगावकडे येतोच आहे. पण रात्री ताप चढला तर गुंठा विकून ॲडमिट करता येत नाही. शिवाय प्लॉट कोणाच्या नावावर होणार, हे त्यांनी सांगितलंय का? तुमच्या पत्रात तेवढं नव्हतं.

मग लढत राहायचं का? इथे मी सरळ हो म्हणणार नाही. न्यायाधिकरण आजच्या आज ६७ लाख देईल अशी हमी मी काय, कोणीच देऊ शकत नाही. मदतनिसाचे ८ चे ५ हजार धरले जातील, 'पिकअपची पण चूक होती' असा मुद्दा कंपनी काढेल, निकालानंतर अपिलातही जाईल, आणि तुमच्या डोक्यावर सहा लाखांचं व्याज चालू आहे. मिटवणं वाईट नाही. २८ ला मिटवणं वाईट आहे. लोकअदालतीला जरूर जा, पण त्यांच्या आकड्याला हो-नाही करायला नको, स्वतःचा तक्ता घेऊन. तक्त्यात प्रत्येक ओळ वेगळी: कमाई, झालेला खर्च, मदतनीस, पुढचा औषधोपचार, साधनं, वेदना. पॅनेलसमोर कंपनीच्या वकिलाला एकच विचारायला लावा, 'यातली कुठली ओळ तुम्ही शून्य धरली आहे?' माझ्या मते ५० च्या आत बोलणं अडलं तर उठून या, तारीख घ्या, साक्षीपुरावा होऊ द्या. ५५ च्या आसपास आणि पैसा ठरलेल्या दिवसांत जमा होणार असेल तर वकिलांशी बोलून विचार करा. मी वकील नाही, प्रकरणातले कागद त्यांनी पाहिलेत. त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं पडलं तर का, ते नीट विचारा. आणि विचारायला संकोच वाटत असेल, किंवा ते 'सही करा, मी बघतो' एवढंच म्हणत असतील, तर सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना आणि दिव्यांगांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणखी एक, ते हमखास राहतं: २८ लाख व्याजासह की व्याज वेगळं? न्यायाधिकरण सहसा दाव्याच्या तारखेपासून व्याज लावतं. तुमच्या दाव्याला दोन वर्षं झाली. साडेसात टक्क्यांनी २८ लाखांवरच ४ लाख २० हजार होतात. तडजोडीत 'सर्व मिळून' असे दोन शब्द टाकले की ते गेले.

पैसा आल्यावरचं थोडक्यात. बरीचशी रक्कम न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगतं, त्याला विरोध करू नका, उलट तुम्हीच मागा. पाहुण्यांना नाही म्हणायला याहून चांगलं कारण मिळणार नाही. फक्त सगळं एकाच दहा वर्षांच्या पावतीत अडकवू नका. तीन-चार लाख हाताशी, एक भाग दरमहा व्याज देणारा, आणि एक भाग व्याज न उचलता वाढत राहणारा, जो बारा वर्षांनंतरच्या दुप्पट खर्चाला लागेल. बँकांमध्ये मोटार अपघात भरपाईसाठी 'मॅकॅड' नावाची ठेव आहे, दरमहा मुद्दल आणि व्याज मिळून ठरलेला हप्ता येतो. बरी आहे, पण मुदत संपली की मुद्दलही संपलेलं असतं, आणि तुमच्या पतीचं आयुष्य त्या मुदतीपेक्षा मोठं आहे. म्हणून सगळी रक्कम तिच्यात नको. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० मिळतात. तहसीलला अर्ज केला नसेल तर आधी तो करा. त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाची वार्षिक मर्यादा ५० हजारांची आहे, ठेवीचं व्याज सुरू झालं की तुम्ही बाहेर जाल. पुढच्या तीस वर्षांच्या हिशोबात ते पैसे कायमचे धरू नका.

तुमच्या पतींसाठी दोन ओळी, त्यांना वाचायला द्या. दादा, हा पैसा बायको तुमच्यावर 'घालवणार' नाहीये. ट्रेलरच्या विम्याचा हप्ता भरला गेला तो याच्यासाठीच. आणि तुमचे हात शाबूत आहेत. नळी स्वतःची स्वतः घालायला, हाताच्या जोरावर बेडवरून खुर्चीत जायला शिकवतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे एकदा जाऊन या. रात्रीच्या तीन गजरांपैकी एक जरी तुम्ही स्वतः वळून बंद करू शकलात तर घरातला हिशोब बदलेल.

ताई, हाजी अलीच्या या सल्ल्यावरून कंपनीचा वकील उद्या म्हणेल, 'ते स्वतःचं स्वतः करू शकतात, मदतनीस कशाला?' म्हणून डॉक्टरांच्या पत्रात आज किती तास मदत लागते आणि प्रशिक्षणानंतरही किती लागेल, हे दोन्ही लिहून घ्या. लोकअदालतीच्या तारखेआधी ते पत्र हातात आलं नाही, तर त्या दिवशी सही करू नका. पुढची लोकअदालत काही महिन्यांत असतेच.